हार घालण्याजोगं तुझं चित्र

जमनामावशी,

तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी तुझी हंसा शाळेत आली. आपल्या कलाविद्यालयाच्या पायरीवर तिने चपला काढल्या आणि मी "अगं, राहू दे" म्हणेपर्यंत अनवाणीच आत येऊन तुझ्या खुर्चीशेजारी उभी राहिली. म्हणाली, "सर, आईचा एक फोटो पाहिजे. बाराव्याला हार घालायला. घरात एक पण धड नाय."

मला आधी खरं वाटेना. मग तिने मोबाइल काढून दाखवला. नातवाच्या बारशात तू आहेस, पण हाताच्या जागी नुसता एक तपकिरी पट्टा. पुतण्याच्या लग्नात पाठमोरी, कोणाला तरी वाढायला निघालेली. दिवाळीच्या फोटोत सगळं घर नीट ओळीत उभं आहे आणि टोकाला डोक्यावरचा पदर तेवढा ओळखू येतो, बाकी धूर. आधार कार्डावर तू आहेस म्हणे, पण तिथे आपण कोणीच आपल्यासारखे दिसत नाही. "आई थांबतच नव्हती ना सर," हंसा म्हणाली. "थांब म्हटलं की ओरडायची, तुझा फोटो होईल, माझं दूध उतू जाईल."

यावर मी हसलो, मावशी. चार दिवसांत पहिल्यांदा. छाती फुगवून म्हटलं, "हंसा, जिची चित्रं काढून अख्खी शाळा शिकली, तिच्या मुलीने फोटो मागत फिरायचं? उद्या ये. हवं ते चित्र घेऊन जा."

तुझ्या आणि माझ्यातल्या सगळ्या भांडणांत शेवटचा शब्द माझाच असायचा, कारण मी मास्तर होतो. यावेळी मात्र तू नसताना हरलो. ते तुला सांगायला बसलो आहे.

आठवतं ना, कशी आलीस ते? मी घाटावरून नुकताच इथे आलो होतो. नोकरी नवी, समुद्र नवा, दमट हवेत कागद पापडासारखे मऊ पडायचे आणि मी मुलांवर चिडायचो. व्यक्तिचित्रणाच्या वर्गाला ज्या आजोबांना बसायला सांगितलं होतं ते आलेच नाहीत. तू नरपडच्या वाडीतला चिकू टोपलीत घेऊन फाटकाशी उभी होतीस. मी बाहेर येऊन म्हटलं, "बाई, आत येऊन बसणार का? काही करायचं नाही, नुसतं बसायचं." तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "काय न करता बसायचं? असं कोन बसतं?"

त्या दिवशी वीस मिनिटांत तू चार वेळा उठलीस. एकदा खिडकी लावायला, एकदा पेन्सिल खाली पडली ती उचलून द्यायला, एकदा फळ्यावरची धूळ पाहवेना म्हणून. चौथ्यांदा कशाला ते तुलाही सांगता आलं नाही. पोरांनी डोक्याला हात लावले. तू म्हणालीस, "उद्या येते. आज मना जमला नाय."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच आलीस. आठवड्याभरात तू बसायला शिकलीस, महिन्याभरात अशी बसायला लागलीस की मी मोठमोठ्या शहरांतल्या शाळांत तसं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत उठण्याआधी स्वतःच खडूने पावलांभोवती रेघ मारायचीस, परत आलीस की बरोबर त्या रेघेत पाय. पदराची चुणीसुद्धा जिथे होती तिथे. डास गालावर बसला तरी तू हलायची नाहीस. पुढच्या बाकावरची एखादी मुलगी उठून तो उडवायची आणि तू डोळ्यांनीच तिला शाबासकी द्यायचीस.

हे कसं करतेस, असं मी एकदा चहा पिताना विचारलं. तेव्हा तू सांगितलंस ते मी आजवर शेकडो मुलांना सांगत आलो आहे. तू मनातल्या मनात वाडीतून चालायचीस. पहिल्या रांगेतलं पहिलं चिकूचं झाड, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकाशी थांबायचं, कुठली फांदी लवली आहे, कुठे फळ धरलंय ते बघायचं आणि पुढे जायचं. शेवटची रांग आली की तास संपलेला असायचा. मी घड्याळ लावून पाहिलं, मावशी. दोन मिनिटांचाही फरक पडायचा नाही. "सहाव्या रांगेत दोन झाडं मेली," तू म्हणालीस. "तिथं मना जरा थांबायला होतं."

आपल्या नीलेशचं जे चित्र राज्याच्या प्रदर्शनात पहिलं आलं, ते त्या सहाव्या रांगेतलं आहे. परीक्षक मला विचारत होते, या बाईच्या चेहऱ्यावर हे काय आहे, कशाचं दुःख आहे? मी काय सांगणार? चिकूच्या दोन झाडांचं, असं म्हटलं असतं तर हसले असते. नीलेश आता मुंबईत चित्रपटांचे सेट उभारतो, आख्खे राजवाडे उभे करतो आणि पाडतो. तू गेल्याचं कळलं तेव्हा त्याने फोनवर एवढंच विचारलं, "सर, वाडीत सातव्या रांगेपर्यंत पोचली असेल ना?" 

तू गेलीस त्या रात्रीपासूनच माझ्या मोबाइलवर तुझी चित्रं यायला लागली होती. शाळेतून बाहेर पडलेली आपली पोरं कुठेकुठे पांगली आहेत याचा मला तरी कुठे पत्ता होता! बडोद्याहून एकीने तुझं कोळशातलं चित्र पाठवलं. ती तिथे मोठ्या महाविद्यालयात शिकवते. उंबरगावला देवीच्या मूर्ती घडवणाऱ्या अरुणने कबूल केलं की गेली कित्येक वर्षं त्याच्या देवीचं नाक तुझं आहे, गिऱ्हाईकांना माहीत नाही. एक मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढते. तिच्या प्रत्येक पुस्तकात कुठेतरी एक आजी असते आणि ती तू असतेस. वर्षाच्या शेवटी आपण प्रदर्शन भरवायचो, पाहुणे यायचे, भाषणं व्हायची, समुद्रावर नेऊन पोरांकडून जलरंग करून घ्यायचो, महालक्ष्मीच्या जत्रेत वह्या घेऊन हिंडायचो. त्या सगळ्याचं श्रेय मी घेत आलो. पण या पोरांच्या हाताला डोळा आला तो तुझ्यासमोर बसून. तुझी मान खांद्याला कुठे मिळते हे शोधता शोधता ती चित्रकार झाली. एका बाईने न हलता एवढ्या माणसांना घडवावं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीच म्हटलं असतं, काहीतरी सांगता.

असो. हंसा दुसऱ्या दिवशी आली. मी सकाळपासून मोठ्या दालनात तुझी चित्रं मांडून ठेवली होती. बाकांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, भिंतीला टेकवून, शेवटी जागा उरली नाही म्हणून जमिनीवर. चाळिशीतली तू, केस काळे, नाकात चमकी. पन्नाशीतली तू. तेलरंगातली, पेन्सिलीतली. डाव्या बाजूने प्रकाश, उजव्या बाजूने प्रकाश. मोतीबिंदूच्या आधीची तू आणि नंतरची. मी दारातच थांबलो, मावशी. तीस वर्षं मी या चित्रांना मार्क देत आलो, हात बरोबर की चूक ते सांगत आलो, पण त्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

हंसा हळूहळू फिरली. एकेका चित्रापुढे वाकली. एका ठिकाणी तिने पदराच्या टोकाने काचेवरची धूळ पुसली. मी मागे मागे, "हे बघ, याला बक्षीस आहे," "याच्या हातांकडे बघ, चिकूचा चीक लागून बोटं काळी पडलेली आहेत, तेसुद्धा काढलंय." ती मान डोलवत राहिली. पूर्ण फेरी झाली तेव्हा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पार पडलेला.

"सर, राग नका मानू. सगळी लय भारी आहेत. पण यात आई नाय."

मला राग आलाच. "नाय म्हणजे? हे नाक कोणाचं आहे?"

"नाक तिचंच आहे, डोळे पण तिचेच. पण ही बाई कोण मना माहीत नाय. आई अशी बसायचीच नाय सर. कधीच नाय. जेवायची ती पण उभ्याने. आजारी पडली तरी खाटेवर बसून लसूण सोलायची. हिला हार घातला तर लोक म्हणतील, कोणाचा फोटो लावलाय?"

 तुझी मुलगी रडली नव्हती, मावशी. चौथ्या दिवशीही नाही आणि तेव्हाही नाही. तोंड मिटून सगळं उरकत होती, आणि हे एक काम उरकत नव्हतं. आईचं एक चित्र मिळावं एवढंच तिचं मागणं होतं. मी चाळीस मांडून ठेवली होती आणि त्यातलं एकही तिच्या कामाचं नव्हतं.

मी उगाच कपाटं उघडायला लागलो. हंसाही मदतीला आली. तुझीच मुलगी, रिकामी कशी उभी राहील? सगळ्यात खालच्या कप्प्यातून तिने जुने गठ्ठे बाहेर काढले आणि कप्प्याच्या तळाला अंथरलेला कागद झटकायला म्हणून ओढला. झटकता झटकता थांबली. कागद उलटा करून जमिनीवर पसरला, गुडघ्यावर बसली आणि खो खो हसायला लागली.

"अगं बाय! ही बघा! ही बघा आई!"

पूर्ण कागद गेरूने रंगवलेला. त्यावर पांढऱ्या रंगात अकरा बायका. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडलेले, काडीसारखे हातपाय, डोकं म्हणजे एक ठिपका, मागे अंबाडा. नाक नाही, डोळे नाहीत. आपल्या तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नघराच्या भिंतीवर असतात तशा. हंसा बोट ठेवून सांगायला लागली. "ही केस बांधतेय. केस असे कचकन बांधले की समजायचं, आता कोणाचं तरी काही खरं नाय. ही बकरीमागे धावतेय, चप्पल हातात. ही वाकून चिकू निवडतेय, बघा, एक पाय पुढे, तशीच वाकायची ती. ही कोणाला तरी बोलावतेय, हात बघा ना सर, हात!" अकराच्या अकरा ओळखल्या तिने. एकाही चित्राला चेहरा नव्हता.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. 

तो कागद सविताचा. झरीहून यायची ती. अबोल, वेणी घट्ट, वहीवर कायम डोकं खाली. तिची आजी पाड्यावर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं देवीचं चित्र, लिहिणारी सवासिन होती. दुसऱ्या वर्षाला व्यक्तिचित्रणाच्या परीक्षेत सगळ्यांनी तुला खुर्चीवर काढलं आणि हिने हा कागद पुढे ठेवला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "मावशी." मी म्हटलं, मावशी समोर खुर्चीवर बसली आहे, तू कुठे बघत होतीस? ती म्हणाली, "सुट्टीत बघते सर. फाटकातून येताना बघते. खुर्चीत त्या नसतात." मी तिला नापास केलं. एक वर्ष गेलं तिचं.

आणि तू मध्ये पडलीस. तीस वर्षांत वर्गाच्या कामात तू एकदाच तोंड घातलंस. खुर्चीवरून उठून आलीस, कागद हातात घेतलास, बराच वेळ पाहिलास आणि म्हणालीस, "सर, या पोरीनं मना बरोबर पकडली."

"चेहरा कुठे आहे, मावशी?"

"चेहरा काय, आरशात पन दिसतो."

वर्ग हसला. मला झोंबलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मावशी, तू बसायचं काम कर. शिकवायचं मी बघतो."

तू कागद टेबलावर ठेवलास आणि खुर्चीत जाऊन बसलीस. खडूच्या रेघेत पाय, पदराची चुणी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही आलीस, तिसऱ्याही. फक्त माझ्याबरोबर चहा घेणं सोडलंस. पुढे केव्हातरी पुन्हा घ्यायला लागलीस, पण त्या गोष्टीबद्दल तू एक शब्द काढला नाहीस आणि मीही नाही. रोज वाटायचं, आज म्हणू. माफी मागायला वेळ किती लागतो? पण मास्तरकीचा माज मोठा, आणि तू आहेसच की उद्या, असं वाटायचं.

सविताने वर्ष परत केलं. छायाप्रकाश शिकली, मणके मोजायला शिकली, पहिल्या वर्गात पास झाली. आज तलासरीकडे एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवते. तिची पोरं ग्रेड परीक्षांत इतकी वर येतात की दरवर्षी मला पेढे येतात. पण त्या दिवसानंतर माझ्यासमोर तिने कधी त्रिकोण काढला नाही. तो कागद मीच कपाटात अंथरला होता, मावशी. टाकून द्यायला मन धजलं नाही म्हणून नव्हे. माप बरोबर बसलं म्हणून.

हंसा तो कागद घेऊन गेल्यावर मी सविताला फोन लावला. सगळं सांगितलं. कागद कुठे सापडला तेही सांगितलं, लपवलं नाही. आणि जे तुला म्हणायला हवं होतं ते तिला म्हटलं. "सविता, चूक माझी होती. मावशी बरोबर होती."

 पलीकडे पोरं पाढे म्हणत होती. मग ती म्हणाली, "सर, बारावं कधी आहे? मी येते."

मधल्या शनिवारी व्यक्तिचित्रणाचा तास होता. खुर्ची रिकामी. पोरं माझ्याकडे बघायला लागली, म्हणून म्हटलं, आज मी बसतो. तुझ्यासारखंच चालून पाहिलं. वाडी मला कुठे ठाऊक, म्हणून आमच्या गावच्या आळीतून निघालो. चौथ्या घरापाशी नाक खाजायला लागलं, सहाव्यापाशी कंबर धरली, आणि त्यापुढे कोणाचं घर होतं तेच आठवेना. पोरं एका सुरात ओरडली, "सर हलले!" घड्याळात पाहिलं, अकरा मिनिटं झाली होती. वाडीत पहाटेपासून खपून, डोक्यावर टोपली घेऊन तू यायचीस आणि मग तासभर. कशी गं बसायचीस? आणि जिचा जीव एका जागी कधी रमला नाही, तिने आमच्यासाठी हे का केलं असेल, हेही मी कधी विचारलं नाही.

बाराव्याला तुझ्या अंगणात मांडव होता. ओट्यावर पाट, पाटावर सविताचा कागद. हंसाने तो काचेत न घालता पुठ्ठ्यावर चिकटवून आणला होता. तुझ्या दिराने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "याला हार घालायचा? अरे, तोंड कुठंय हिला? पावने काय म्हनतील?"

पाव्हण्यांना काही म्हणायची गरजच पडली नाही. वाडीत तुझ्याबरोबर काम करणाऱ्या बायका आल्या, हात जोडून वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. "जमनाच की ही!" एकीने बकरीमागे धावणारी ओळखली, दुसरी म्हणाली, ही मलाच हाक मारतेय. तुझ्या बाराव्याला बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या. दीर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा केस बांधणारीकडे बोट करून कोणाला तरी सांगत होता, "इथनं मी पळायचो."

सविता उशिरा आली. झरीहून गाड्या बदलत येईपर्यंत दुपार झाली होती. तिने तुला नमस्कार केला, मला केला, आणि मी काही बोलायच्या आत हंसाला म्हणाली, "ताई, यात एक राहिलीय. काढू?" पिशवीतून तिने तांदळाच्या पिठाची वाटी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी काढली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात थोडी जागा मोकळी होती. आम्ही सगळे भोवती उभे. माझ्यासमोर, बारा वर्षांनी, तिने एक त्रिकोण काढला. मग त्याला दुसरा जोडला.

ही बारावी धावत नव्हती, वाकत नव्हती. खुर्चीवर बसली होती. पावलं जुळवलेली, दोन्ही हात मांडीवर.

हंसा वाकली. "ही कोण?"

"ही पण तुमची आईच, ताई. ही फक्त शाळेत असायची."

"काय करतेय?"

"काही नाही," सविता म्हणाली. "बसलीय."

 बारा दिवस आवरून धरलेलं हंसाचं रडू तेव्हा फुटलं, मावशी, ओट्याच्या कडेला बसून ती लहान पोरीसारखी रडली. मग पदराने तोंड पुसलं, उठली, आणि झेंडूचा हार त्या कोपऱ्यावर लोंबत होता तो उचलून तिने वर सरकवला.

"बसू दे तिला," म्हणाली.